वात, माती आणि वाफ

(खंडाळा, जि. सातारा इथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, "सच्छिद्र पदार्थ." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते हळूच म्हणाले, "ताई, पोरं येतील का?" शेवटी त्यांनीच पत्रिकेवर 'व्हेपच्या आत काय असतं?' असं छापलं, आणि आज मागे उभं राहायला जागा नाही. म्हणजे ती वस्तू तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली आहे. कुणी ओढलीय का, हे मी विचारणार नाही. चाचा लोक पहिल्या रांगेत बसलेत.

मी याच तालुक्यातली. बाहेर नोकरीला गेल्यावर "खंडाळ्याची" म्हटलं की लोक घाट, धुकं आणि चिक्की विचारतात. तो खंडाळा लोणावळ्याशेजारचा. आपला पारगाव खंडाळा, खंबाटकी घाटाच्या अलीकडचा, पाण्याची वाट बघणारा. शिरवळपासून इथपर्यंत आता कारखाने झालेत, फ्रिजचा आहे, रंगाचा आहे. मी ज्या भट्टीवर काम करते ती मात्र इथून लांब आहे. आम्ही मातीच्या वस्तू भाजतो, पण सिरॅमिक म्हटलं की पगार जरा बरा मिळतो. माझं नेमकं काम काय? छिद्रं बनवणं. कुठली, किती मोठी, किती, आणि एकमेकांना कशी जोडलेली, एवढंच. त्यावर माझं घर चालतं.

टेबलावर तीन वाट्या आहेत. एकीत निळं पाणी, दुसरीत गोडं तेल, तिसरीत मेडिकलमधून आणलेलं ग्लिसरीन. तिन्हींत शाळेतला एक-एक खडू उभा ठेवलाय. मी बोलायला उठले तेव्हा ठेवले होते. पुढच्यांना दिसत असेल, पाण्यातला खडू बोटभर निळा झाला. तेलाचा डाग जरासा वर आलाय. ग्लिसरीनचा खडू जवळजवळ होता तसाच आहे. पंप नाही, बॅटरी नाही, तरी पाणी वर चढतंय. कंदिलाच्या वातीतून रॉकेल असंच चढायचं. ईदच्या दिवशी कानात अत्तराचा फाया ठेवतो, त्या कापसात अत्तर असंच धरून राहतं आणि हळूहळू उडतं. शाळेच्या पुस्तकात याला केशाकर्षण म्हणतात.

यात दोन गोष्टींची ओढाताण आहे. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबते. छिद्र जितकं बारीक तितकी द्रवाला वर ओढण्याची ताकद जास्त. काचेच्या नळीच्या भोकाची त्रिज्या मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असेल तर पाणी तिच्यात सुमारे १५ सेंटिमीटर चढतं. त्रिज्या त्याच्याही दहावा भाग केली, तर हिशोबाने दीड मीटर. मग छिद्रं बारीक करत जायला काय हरकत आहे? हरकत अशी, की बारीक छिद्रातून द्रव जाताना भिंतींशी घासतो आणि ही अडवणूक ओढीपेक्षा फार जोरात वाढते. त्रिज्या निम्मी केली तर ओढ दुप्पट होते, पण अडथळा चौपट. म्हणजे द्रव उंच जाईल, पण रडतखडत. लुकास आणि वॉशबर्न या दोघांनी १९१८ ते १९२१ च्या दरम्यान, वेगवेगळे काम करत, याचा हिशोब मांडला. आज व्हेपपासून गरोदरपणाच्या चाचणीपर्यंत सगळीकडे तोच वापरतात.

त्या हिशोबात द्रवाचा दाटपणाही येतो. ग्लिसरीन पाण्याच्या सुमारे हजारपट दाट असतं. पाणी जिथे १ मिनिटात पोचलं तिथे ग्लिसरीनला साधारण हजार मिनिटं लागतील, म्हणजे सोळा-सतरा तास. तो तिसरा खडू उद्या दुपारी बघायला या.

छिद्रं असणं वेगळं आणि ती एकमेकांना जोडलेली असणं वेगळं, हेही सांगायला हवं. तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं, कारण तुमच्या घरच्यांनी विहिरी खणल्यात. आपला काळा दगड लाव्ह्यापासून झाला. त्याच्या काही थरांत बुडबुड्यांची असंख्य पोकळं आहेत, पण बरीचशी एकएकटी, बंद, आणि पुष्कळदा नंतर आलेल्या पांढऱ्या खनिजांनी भरलेली. असा दगड पोकळ असूनही पाणी देत नाही. पाणी मिळतं ते झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात, जिथे एका पोकळीची दुसरीशी सोयरीक आहे. आमच्या भट्टीतही तेच. ५० टक्के पोकळी असलेला तुकडा बनवणं सोपं आहे. त्या पोकळीतून वाट असणारा तुकडा बनवायला डोकं लागतं.

आता तुमच्या घरातल्या व्हेपरायझरकडे वळते. हसू नका, तो जवळजवळ प्रत्येक घरात आहे आणि कायदेशीर आहे. डास पळवणारं लिक्विडचं मशीन. बाटली, तिच्यात काळपट कांडी, कांडीच्या टोकाभोवती गरम होणारी कडी. आपल्याकडे आधी मॅट होत्या, मग १९९० च्या सुमाराला लिक्विडची मशीनं आली. बाटलीत कीटकनाशक अगदी थोडं, बाकी वास काढलेल्या रॉकेलसारखा पातळ द्रावक. ४५ मिलिलिटरची बाटली साधारण ४५ रात्री पुरते असं धरा. म्हणजे ८ तासांच्या रात्रीत १ मिलिलिटर, मिनिटाला पाण्याच्या थेंबाचा जेमतेम पंचविसावा भाग. रात्रभर, न चुकता, एकाच वेगाने. पंखा चालू असो, बाटली भरलेली असो नाहीतर तळाला गेलेली. इतकं शिस्तीत द्रव देणारा पंप विकत घ्यायला गेलात तर तो त्या मशीनच्या शंभरपट महाग पडेल. इथे ते काम एक कांडी करते.

कशी? द्रव पातळ आहे, मागणी थोडी आहे, म्हणून छिद्रं बारीक ठेवता येतात. टोकाला जितकं उडून जातं तितकंच खालून वर येतं. म्हणजे वेग ठरवते ती वरची उष्णता, कांडी फक्त कमी पडू द्यायची नाही. आणि ती कडीही हुशार आहे. तिच्यात बेरियम टायटेनेटसारख्या सिरॅमिकचा तुकडा असतो. तो ठरावीक तापमानाच्या वर गेला की वीज स्वतःच अडवतो. वेगळा थर्मोस्टॅट लागत नाही. शिवाय बाटलीतून द्रव जातो तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर आत पोकळी ओढायला लागते आणि कांडी उपाशी राहते. म्हणून कांडी आणि बूच यांच्यात अगदी बारीक फट असते. तिच्यात एखाद्याचं महिनाभराचं काम असतं. आणखी एक, विषय सोडून, पण सांगते. त्या बाटल्या लहान पोरांच्या हाताला लागू देऊ नका. हा द्रव गिळताना फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं, आणि उलटी करवायला जाल तर धोका वाढतो. सरळ दवाखाना गाठा.

व्हेपमध्ये हेच तीन भाग आहेत. टाकी, वात, तापणारी तार. फरक मागणीचा. माणूस एक झुरका तीन-चार सेकंद ओढतो आणि तेवढ्यात साधारण ५ मिलिग्रॅम द्रवाची वाफ व्हावी लागते. डासांच्या मशीनच्या मिनिटाच्या हिशोबात मांडलं तर पन्नासपटीच्या पुढे. वर द्रव कुठला? ग्लिसरीन आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल. पहिलं पाण्याच्या हजारपट दाट, दुसरं पन्नासपट. तो कोरडा खडू बघा, आणि आता त्यालाच सांगा, तीन सेकंदांत पुरवठा कर, मग अर्धा मिनिट गप्प बस, पण गळू नकोस, मग पुन्हा तीन सेकंद. छिद्रं मोठी केली तर पुरवठा होतो, पण खिशात ठेवल्यावर, उन्हात गाडीत राहिल्यावर द्रव गळतो. बारीक केली तर गळत नाही, पण तार कोरडी पडते.

चीनमधल्या होन लिक या फार्मासिस्टने २००३ मध्ये आजच्या ई-सिगारेटचं पेटंट मागितलं. त्यानंतर या एका कोड्यावर हजारो माणसांनी डोकं घातलं. सुरुवातीला काचतंतूंसारख्या सिलिकाच्या दोऱ्या होत्या, मग कापूस आला. कापूस द्रव छान पितो, पण दोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास तो करपायला लागतो, आणि ग्लिसरीन उकळतं २९० ला. द्रव असेपर्यंत तो कापसाला सांभाळतो. द्रव संपला की कापूस जळतो. म्हणून पुढे सच्छिद्र सिरॅमिक आलं. छिद्रं साधारण दहा ते पन्नास मायक्रॉनची, निम्म्याच्या आसपास पोकळी, आणि पृष्ठभागावर छापलेली धातूची तार. त्यात एक हुशारी आहे. तारेजवळचं सिरॅमिक गरम राहतं आणि ग्लिसरीन गरम झालं की झपाट्याने पातळ होतं, १०० अंशांना त्याचा दाटपणा साठ-सत्तराव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे वात स्वतःच्या वाटेवरचा द्रव पातळ करून घेते. रचना म्हणून ती सुंदर आहे. हे म्हणायला मला लाज वाटत नाही. वस्तू वाईट कामाची असली म्हणून तिच्यातली अक्कल कमी होत नाही, आणि ती अक्कल समजून घेतल्याशिवाय तिच्याबद्दल नीट बोलताही येत नाही.

ही छिद्रं बनवतात कशी? आमचा प्रयोगशाळेतला शब्द आहे 'पोअर फॉर्मर'. मातीत किंवा ॲल्युमिना-सिलिकाच्या पुडीत स्टार्च, प्लॅस्टिकचे बारीक मणी, लाकडाचा भुसा असं काहीतरी मिसळायचं. भाजताना ते जळून जातं, त्याच्या जागी पोकळी राहते. भुसा किती, कण केवढा, भट्टी किती अंशांवर किती वेळ, यावर सगळं ठरतं. जास्त भाजलं तर माती वितळून छिद्रं बुजतात, कमी भाजलं तर तुकडा हातात भुगा होतो. मी हे पहिल्यांदा शिकले तेव्हा दादीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "अगं, कुंभार मातीत घोड्याची लीद आणि राख मिसळतो ते कशाला?" बरोबर. लीद जळते, छिद्रं राहतात, माठ पाझरतो आणि पाणी थंड होतं. पाण्याची वाफ होताना फार उष्णता लागते. १ लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता घेतं तेवढ्यात ५० लिटरहून जास्त पाणी १० अंशांनी थंड होईल. म्हणून घरातली सुरई जराशी ओलसर राहिली तरी पुरे. आणि जुना माठ थंड का करत नाही? बोअरच्या जड पाण्यातले क्षार छिद्रांत बसतात. व्हेपच्या वातीतही हेच होतं. द्रवात गोडी घातलेली असते, ती तारेवर करपून काळा थर बसतो, छिद्रं बुजतात, पुरवठा कमी होतो.

आणि पुरवठा कमी झाला की काय होतं, ते मला तुम्हाला नीट सांगायचंय. कोणत्याही जाहिरातीत ते नसतं.

पातेल्यात पाणी आहे तोवर खाली कितीही जाळ करा, पातेलं १०० अंशांच्या फार वर जात नाही. पाणी आटलं की पातेलं लाल होतं. व्हेपच्या तारेचं तसंच. वात ओली आहे तोवर तापमान द्रवाच्या उकळण्याच्या आसपास अडकून राहतं. कोरडी झाली की एका-दोन सेकंदांत शेकडो अंश वर. तार इवलीशी असते, तिला तापायला वेळ लागत नाही. मग ग्लिसरीनची नुसती वाफ होत नाही, ते तुटतं, आणि त्यातून ॲक्रोलीन आणि फॉर्माल्डिहाइड निघतं. ॲक्रोलीनची ओळख तुमच्या अम्मीला विचारा. कढईत तेल करपल्यावर जो ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं, त्यात तेच असतं. स्वयंपाकघरात आपण खिडकी उघडतो आणि बाहेर पळतो. इथे तोच धूर ओढून छातीत घ्यायचा. फॉर्माल्डिहाइड तर प्रेतं टिकवायच्या द्रवात असतं, आणि त्याने कर्करोग होतो हे सिद्ध आहे. अगदी कोरड्या वातीचा झुरका इतका कडू लागतो की माणूस थांबतो, हे खरं. काही प्रयोगांवर आक्षेपही हाच होता, की इतकं करपलेलं कुणी ओढत नाही. पण कोरडं आणि ओलं यांच्यामध्ये मोठा पट्टा आहे, अर्धवट उपाशी वातीचा, आणि तिथे आंब्याचा किंवा पुदिन्याचा वास ठसका झाकतो. हे माझं मत आहे, पण मी वाती बनवते म्हणून ते मत आहे.

तारेतून धातूही येतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये रोज व्हेप ओढणाऱ्या ५६ जणांची स्वतःची उपकरणं तपासली. बऱ्याच उपकरणांच्या वाफेत शिसं, निकेल, क्रोमियम सापडलं. टाकीत भरण्याआधीच्या द्रवात ते अगदी कमी होतं. म्हणजे ते तापणाऱ्या तारेच्या बाजूने आलं.

आणि वातीला ती काय पुरवतेय हे कळत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत तरुण पोरं धाप लागून दवाखान्यात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथल्या आरोग्य यंत्रणेने २,८०७ रुग्ण मोजले, ६८ जण दगावले. बहुतेकांनी गांजाच्या अर्काचा व्हेप ओढला होता, बराचसा चोरट्या बाजारातला. मुख्य संशय ठरला व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर. ते तिथे का आलं, यात आपला विषय आहे. गिऱ्हाईक काडतूस उलटं करून आतला बुडबुडा किती हळू वर जातो ते बघायचं. हळू गेला तर माल दाट, म्हणजे अस्सल. पातळ केलेला माल दाट दिसावा म्हणून भेसळ करणाऱ्यांनी हे तेल घातलं. दूध दाट दिसावं म्हणून त्यात काय-काय घालतात ते आपल्याला माहीत आहे. हे तेल कातडीला लावतात, गोळीत खातात, काही होत नाही. फुप्फुसात गेल्यावर माणसं मेली.

आता कायदा. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा, जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि एक तुकडा लोक वाचत नाहीत: पूर्ण वस्तू असो किंवा तिचा कोणताही भाग. भाग म्हणजे टाकी, तार, आणि माझी वात.

हे दोन कारणांसाठी सांगतेय. पहिलं, आपल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी आखातात आहे. अमिरातीत २०१९ पासून व्हेप दुकानात रीतसर मिळतो. तिथला मामू सुट्टीला येताना भाच्याला भेट म्हणून चार घेऊन येतो, त्याला वाटतं परफ्यूमसारखंच आहे. विमानतळावर ती आयात असते. भाच्याने त्यातले दोन मित्राला विकले की ती विक्री असते. मोबाईलच्या दुकानात काउंटरखाली ठेवायला सांगितलं की तो साठा असतो. आणि पकडला जातो तो काउंटरवरचा अठरा वर्षांचा पोरगा, पाठवणारा नाही. वकिलाचा खर्च कुणाच्या घरातून जातो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

दुसरं कारण माझ्या जवळचं. दोन वर्षांपूर्वी मला एका मध्यस्थाकडून विचारणा आली. सिरॅमिकचा छोटा तुकडा, अमुक पोकळी, अमुक छिद्र, महिन्याला इतके लाख नग. कागदावर लिहिलं होतं, सुगंधी तेलाच्या डिफ्युझरसाठी. पैसे चांगले होते. मी आकडे बघितले. खोलीत सुगंध सोडणारं यंत्र मिनिटामिनिटाला थोडं देतं, ते डासांच्या मशीनच्या घरातलं. या तुकड्याला तीन सेकंदांत पुरवठा हवा होता आणि तोही ग्लिसरीनचा. कुठल्या घरात तीन-तीन सेकंदांनी सुगंध लागतो? मी नाही म्हटलं आणि कारण लिहून कळवलं. पुन्हा फोन आला नाही. तुमच्यातले काही जण डिप्लोमा करताय, काही आयटीआयला आहात. तुमच्याकडेही ड्रॉइंग येईल आणि त्यावर दुसरंच नाव असेल. नाव वाचू नका, आकडे वाचा. वस्तू कशासाठी आहे हे छिद्राचा आकार सांगतो.

बंदीबद्दल मला एक जण म्हणाला, "ताई, इंग्लंडमध्ये तर सिगारेट सोडायला डॉक्टर व्हेप सुचवतात." खरं आहे. तिथे ते ओढणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहे, आणि द्रवात निकोटिन किती असावं याला मर्यादा आहे, मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. पण आपल्याकडचा हिशोब बघा. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. ओढणारे ३.८ टक्के. बाकी मळून, गुटखा, मिश्री. मिश्री लावणाऱ्या नानीच्या हातात व्हेप देऊन कोणती सवय सुटणार? इथे तो सिगारेट सोडायला येत नाही, कधीच न ओढलेल्या पोरांकडे येतो. त्यात नव्या द्रवांमध्ये निकोटिन आम्लात मिसळून क्षाराच्या रूपात देतात, घशाला टोचत नाही, त्यामुळे भरपूर ओढता येतं. म्हणून बंदी मला पटते. तिचा एक तोटाही मला दिसतो. चोरून जे विकलं जातं त्याची तार कसली, वात कसली, द्रव कसला, हे तपासणारा कुणी नाही. डब्यावर लिहिलेलं निकोटिन आतल्याशी जुळतं का, हेही नाही. हलाल की हराम तो प्रश्न मी मौलवीसाहेबांकडे सोडते, ते पलीकडेच बसलेत. माझ्याकडे फक्त मातीचा हिशोब आहे.

मग या विद्येचं करायचं काय? पुष्कळ. कोविडमध्ये घरी करायची चाचणी आठवते? पुण्याच्या मायलॅबच्या चाचणीला मे २०२१ मध्ये परवानगी मिळाली, देशातली घरी करायची पहिली. त्या प्लॅस्टिकच्या डबीत एक पांढरी पट्टी असते, नायट्रोसेल्युलोजची. तिच्या छिद्रांतून थेंब पुढे सरकतो. ४ सेंटिमीटर ओली व्हायला ९० ते १८० सेकंद लागतात, आणि पट्टी निवडताना हाच आकडा बघतात. थेंब फार जोरात गेला तर विषाणूला पकडायला वेळच मिळत नाही, फार हळू गेला तर लोक कंटाळून डबी फेकतात. व्हेपवाल्यांचं कोडं आणि हे कोडं एकच, फक्त द्रव वेगळा. किंवा पाण्याचा फिल्टर. भुवनेश्वरच्या सरकारी प्रयोगशाळेने 'टेराफिल' नावाची चकती बनवली, लाल माती, नदीची वाळू आणि लाकडाचा भुसा. भुसा जळतो, छिद्रं राहतात, गढूळ पाणी वरून ओतलं की खाली स्वच्छ उतरतं. वीज लागत नाही. किंवा झाडाच्या मुळाशी पुरलेला बिनचकाकीचा माठ. भरून ठेवला की पाणी कोरड्या मातीकडे पाझरतं, माती ओली झाली की पाझर मंदावतो. माणदेशात, खटावात, जिथे टँकरची वाट बघतात, तिथे डाळिंबाच्या रोपाला हे किती उपयोगाचं आहे, विचार करा. या माठाला छिद्र किती हवं, आणि आपल्या कुंभाराच्या मातीत भुसा किती घातला की ते मिळतं? हा प्रश्न तुमच्यापैकी कुणीही पंधरा दिवसांत सोडवायला घेऊ शकतो. डिग्री लागत नाही.

कसं, ते सांगून थांबते. फुटलेल्या माठाचा एक तुकडा घ्या, नीट वाळवा, उन्हात नको, तव्यावर मंद आचेवर. वजन करा. समजा १०० ग्रॅम. मग तो दोन तास पाण्यात उकळा आणि त्याच पाण्यात रात्रभर राहू द्या, म्हणजे छिद्रांतली हवा निघून पाणी शिरेल. सकाळी दोऱ्याने बांधून पाण्यात बुडलेला असतानाच टांगून वजन घ्या. समजा ६२. बाहेर काढून ओल्या फडक्याने वरचं पाणी टिपा आणि पुन्हा वजन. समजा ११४. आता ११४ वजा ६२, म्हणजे ५२ मिलिलिटर, हे तुकड्याचं एकूण आकारमान. ११४ वजा १००, म्हणजे १४ मिलिलिटर, ही उघडी पोकळी. १४ भागिले ५२, सुमारे २७ टक्के. तव्यावरचा तुकडा कोरडा झाला की नाही हे वजन दोनदा सारखं आल्यावरच समजा. वेगवेगळ्या कुंभारांचे तुकडे आणा, नवा माठ, जुना माठ, वीट, कौल. आकडे वहीत लिहा, माझ्याकडे पाठवा. काटा लोणंदच्या कांदा मार्केटचा चालणार नाही, सोनाराकडचा लागेल. तुकडा सोन्याचा नाही हे त्यांना आधी सांगा.

मुली मागे का बसल्यात? पुढे या, खडू बघून घ्या. प्रश्न घेते.